चांगली गिटार कितीले येते?

...नाही, पण तुमीच सांगा राजेहो, दुकानात गेल्यावर वस्तूचा भाव दुकानदारानं सांगाचा का गिऱ्हाइकानं? म्या साधं विचारलं, "भाऊ, चांगली इलेक्ट्रिक गिटार कितीले येते?" तं तो मलेच विचारते, "काका, तुमचं बजेट किती हाय?" घ्या! म्हणजे माह्या खिशात किती हायेत हे मी आधी त्याले सांगाचं, अन् मग तो बरोबर तेवढ्याचीच गिटार भिंतीवरून काढणार! टेलर विचारते का कधी, तुमचं बजेट सांगा, त्या हिशेबानं तुमची छाती मोजतो म्हणून? पटते का तुमाले? मले नाही पटत.

आता तुमी म्हणसान, रंगराव, तुमचा सोभावच संशयी हाय. हाव, हाय! बापा, मी वजनमापे खात्यातून रिटायर झालो. सारी नोकरी या जिल्ह्यातले तराजू तपासण्यात गेली. पारड्याखाली चुंबक लावणारे पाह्यले, लीटरच्या मापाले आतून डांबर फासणारे पाह्यले, एकानं तं... जाऊ द्या, त्याचं पोरगं आता मोठ्या हुद्द्यावर हाय. सांगाचं काय, की मले कोणी "नमस्कार साहेब" म्हटलं तरी मी आधी त्याचा दुसरा हात कुठी हाय थे पाहतो.

अन् गिटार मले थोडीच पाहिजे होती! माह्या बायकोले. बेबीताई म्हणतात तिले सारे. देऊळघाटच्या शाळेत मास्तरीण हाय, बुलढाण्यावरून रोज ये-जा करते, आता तिचंही रिटायरमेंट आलं जवळ. शांत बाई. आजपर्यंत तिनं मले मागतलं काय? एकडाव कुकरचं रबर, अन् एकडाव पाठ शेकायची पिशवी. अशी ही बाई, एक दिवस सकाळी मी चहात टोस्ट बुडवून राह्यलो, अन् ती म्हणते, "आवो, मले एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायची हाय."

टोस्ट गेला कपात. बुडाला. गाळ झाला त्याचा.

"कोणाले?" म्या विचारलं.

"मले."

"कायले?"

"वाजवाले."

"पण काऊन?"

तं ती काय म्हणते माहीत हाय? "मन झालं." मन झालं! राजेहो, माणसाचं मन जिलबीचं होते, झोपायचं होते, लग्नातून लवकर निघायचं होते... इलेक्ट्रिक गिटारचं मन होते का कोणाचं? तेही आमच्या वयात? तेही सकाळी सकाळी, पोटात अन्नाचा कण नसताना? पटते का तुमाले? मले नाही पटत.

मग काय, माही चौकशी चालू झाली. आधी वाटलं, मोबाइलवर कोणी गाठलं बाईले. 'अभिनंदन, तुम्हाला गिटार लागली, फक्त टॅक्स भरा...' तिचा मोबाइल पाह्यला. काही नाही. मग पुण्याले पोरीले फोन लावला, सारिकाले. म्हटलं, "तुही आई गिटार मागून राह्यली, तुले काही माहीत हाय का?" तं पोरगी कशी बोलली ऐका, एकदम पुणेरी, "अहो बाबा, मागतीये तर घेऊन द्या ना! तिनं कधी काही मागितलंय का?" म्हणजे पोरीले धक्काही नाही बसला! सांगा आता, ज्या पोरीले आई गिटार मागते याचं नवल वाटत नाही, त्या पोरीले आधीच माहीत असलं पाहिजे का नाही? अन् मग ती धम्मशीला. शाळेत नवीन लागलेली मास्तरीण, हुशार पोरगी, पण तिचा फोन आला की आमची बाई गॅलरीत जाते अन् मी गॅलरीत गेलो की म्हणते, "बरं, ठेवते." तीन बाया. एक पुण्याले, एक देऊळघाटले, एक माह्या घरात. म्हटलं, रंगराव, हा कट हाय.

मी साफ नाहीच म्हणणार होतो. पण बाई म्हणते, "पैसे माहे हायेत. तुमी फक्त चांगली गिटार कितीले येते थे पाहून या. तुमाले कोणी फसवू शकत नाही ना, म्हणून सांगून राह्यली."

आता याच्यावर माणूस काय बोलंन? गेलो!

तं तो दुकानदार. बजेट किती म्हणते. म्या म्हटलं, बजेट-बिजेट काही नाही, तू भाव सांग. तो म्हणे, "काका, पाच-सहा हजारापासून चालू होते, वर लाखाच्याही पुढं जाते." म्हटलं, "लाखाच्या गिटारीत काय भरेल असते?" "काही नाही काका, भरीव लाकूड असते." लाकूड! एका लाखाचं लाकूड! आमच्या घराले सागाचे दरवाजे हायेत, त्या हिशेबानं मी तं करोडपती निघालो! मग आवाज हळू करून म्हणते, "पण काका, लाकडापेक्षा पिकअप पाहा. पिकअप चांगला पाहिजे. सारा भाव पिकअपवर हाय." म्या म्हटलं, "पिकअप कायले करू बे? मी ऑटोत नेतो ना!" तो हसला. दुकानातले दोन गिऱ्हाइकंही हसले. मग समजलं, पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली पट्टी असते, तारंचा आवाज उचलते थे. बरं, मग तसं नाव ठेवा ना! गाडीचं नाव पट्टीले, अन् पट्टीचा भाव गाडीचा!

अन् एवढ्यात झालं का? नाही! "गिटार एकली नाही वाजत काका. अ‍ॅम्प लागते. वायर लागते. पट्टा लागते. सूर लावायचं यंत्र लागते." म्या म्हटलं, "वाजवणारी बाई तरी माही चालते का तीही तुह्याकडूनच घ्या लागते?"

घरी येऊन म्या रिपोर्ट देल्ला, पाच हजारापासून लाखापर्यंत सारे चोर हायेत. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तं सोबत धम्मशीला. "काका, पाच हजाराची घेऊ नका, तिचा सूर टिकत नाही, रोज खुट्या पिळत बसा लागते. अन् लाखाची आपल्याले काय करायची? दहा-पंधरात वापरलेली पण चांगली गिटार मिळून जाते. जळगाव जामोदले एक शालिग्रामभाऊ हायेत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत. त्यांची काढायची हाय." अन् एकमेकींकडे पाहून दोघी गालात हसल्या. मी पाह्यलं ना! आता मले सांगा, या पोरीले जळगाव जामोदच्या माणसाच्या घरात कोणती वस्तू काढायची हाय हे कसं माहीत? कमिशन असंन का नाही? पटते का तुमाले? मले नाही पटत. म्हणून म्या म्हटलं, मी स्वतः येतो. वस्तू डोळ्यानं पाह्यल्याशिवाय रुपया नाही निघणार.

निघालो रविवारी. एसटीनं घाट उतरलो, मोताळा गेलं, नांदुरा गेलं, गाडी अशी भरेल की माह्या मांडीवर कोणाचं तरी कोबीचं पोतं. बाई खिडकीशी बसली होती. अन् डाव्या हाताची बोटं मांडीवर अशी... अशी हलवून राह्यली होती. म्या विचारलं, "मुंग्या आल्या का?" म्हणे, "हाव." म्हटलं, आता हे काय नवीन!

शालिग्रामभाऊचं घर सापडलं. माणूस ठेंगणा, केसाले मेंदी, बोलणं असं की तीन गल्ल्यांत ऐकू जाईल. "याऽऽ साहेबऽऽ!" मोठ्यानं बोलणाऱ्या माणसावर माहा आधीच विश्वास नाही. त्याची बायको कलाबाई, तिनं पाणी आणलं. अन् त्यानं लाल कपड्यातून गिटार काढली. राजेहो, दिसायले... खोटं नाही बोलत... दिसायले भारी होती. गर्द निळी, कडंले रंग उडेल. म्या म्हटलं, "वाजवून दाखवा."

त्यानं तार छेडली. टिण.

म्या म्हटलं, "हे काय? आवाज कुठी हाय?" पुन्हा छेडली. टिण. अरे, डासही यापेक्षा मोठ्यानं बोलते! म्या उठून उभा राह्यलो. "चल वं बेबी, हे फसवणूक हाय!" तं तो हातवारे करून म्हणे, "साहेबऽऽ, इलेक्ट्रिक हाय नाऽऽ! या डब्यात वायर टाकली की मगच बोलते!" बरं. टाका वायर. टाकली. बटन दाबलं. काहीच नाही. त्यानं वर पंख्याकडे पाह्यलं. पंखा थांबेल. लाईट गेली!

आता मी येईपर्यंत पंखा फिरून राह्यला होता, म्या माह्या डोळ्यानं पाह्यला. अन् वस्तू तपासायची वेळ आली अन् बरोबर लाईट गेली? पटते का तुमाले? मी घराबाहेर निघालो. त्याचं मीटर पाह्यलं. शेजारच्याले विचारलं, तुमची लाईट हाय का? नाही. समोरच्याले विचारलं, तुमची? नाही. पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन आलो. गिरणीही बंद. वापस आलो तं बाई डोक्याले हात लावून बसेल.

मग वाट पाहणं आलं. चहा आला. म्या शालिग्रामभाऊले सरळ विचारलं, "एवढी चांगली हाय, तं विकता काऊन?" तो म्हणे, "काऽऽय?" म्या पुन्हा विचारलं. तो म्हणे, "हाव, दूध घरचंच हाय." म्हटलं, पाहा, मुद्द्याचं बोललं की टाळते! तं कलाबाई हळूच म्हणे, "साहेब, यायले ऐकू कमी येते आता. सारं आयुष्य त्या मोठमोठ्या डब्यांसमोर उभं राहून गेलं. कानात घंटी वाजते म्हणतात रात्रंदिवस. आता सूर लागला का नाही, हेच समजत नाही यायले. मंग ठेवून काय करतात? रोज पुसतात अन् ठेवून देतात. माह्यानं नाही पाहवत."

राजेहो, माणूस मोठ्यानं काऊन बोलते, याचा म्या असा विचारच नव्हता केला कधी.

तेवढ्यात लाईट आली. थो डबा असा हूंऽऽऽ करून गुरगुरला की मी खुर्चीसकट मागं सरकलो. शालिग्रामभाऊनं गिटार उचलली, पण आमची बाई म्हणे, "द्या इकडे." पदर खोचला, खाटेच्या काठावर बसली, पट्टा गळ्यात घातला... जसं काही पर्सच अडकवून राह्यली... खुट्या पिळून सूर लावला, अन् वाजवलं.

वाजवलं म्हणजे काय, वाजवलं! मले वाटलं होतं, ती असं खाजवल्यावाणी टिण टिण करंन अन् आपण घरी जाऊ. तं एक चाल निघाली, सरळ, हळूहळू, एक सूर दुसऱ्याच्या पाठीमागं येऊन राह्यला... मधात एका जागी चुकली, थांबली, 'च्' केलं अन् पुन्हा धरलं. दारात शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राह्यल्या. अन् शालिग्रामभाऊ... थो उठला, डब्याजवळ खाली बसला, अन् त्याच्यावर तळहात ठेवला. पुरा तळहात. डोळे मिटले. त्याच्या कानापर्यंत येत नव्हतं थे तो हातानं घेऊन राह्यला होता.

संपलं. म्या म्हटलं, "बेबी, तुले हे येते?"

"हाव."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीच्या आधीपासून. शाळा सुटल्यावर धम्मशीला शिकवते."

"मले सांगतलं नाही!"

"सांगतलं ना. दोनदा सांगतलं. एकडाव तुमी भाजीवाल्याचे कांदे घरच्या काट्यावर पुन्हा मोजून राह्यले होते. तुमी म्हटलं, हाव. दुसऱ्यांदा गॅसवाल्याशी भांडून आले होते. तेव्हाही म्हटलं, हाव, हाव."

सांगा आता! जिल्ह्यातले सारे व्यापारी माही जीप दिसली की पळत, अन् माह्या स्वतःच्या घरात बाई वर्षभर गिटार शिकली, अन् मले पत्ता नाही! खोटे काटे पकडता पकडता... जाऊ द्या.

तरी म्या एक विचारलंच. "पण इलेक्ट्रिकच काऊन? साधी कायले नाही चालत?" तं तिनं डावा हात माह्यासमोर धरला. बोटांची टोकं टणक झालेली, घट्टे पडले होते. "साध्या गिटारीची तार कडक असते. माही बोटं आखडतात आता, सकाळी मूठ मिटत नाही. इलेक्ट्रिकची तार नरम असते, हलकं दाबलं तरी बोलते."

म्या म्हटलं, "मग हे सांगाचं ना त्या दिवशीच! मन झालं म्हणून सांगतलं!"

"बोटं दुखतात म्हटलं असतं, तं तुमी गिटार आणली असती का डॉक्टर?"

म्हणून म्या विषय बदलला. म्हटलं, "बोला शालिग्रामभाऊ, फायनल कितीले?" आता इथून पुढं जे झालं थे मी उभ्या नोकरीत पाह्यलं नाही. धम्मशीलानं चौदा हजार सांगतले होते. मी अकरापासून चालू करणार होतो. तं थो शालिग्रामभाऊ स्वतःच्या तोंडानं म्हणे, "बाराऽऽ द्या! ताई वाजवणारी हाय!"

विकणारा माणूस स्वतःहून भाव उतरवते? पटते का तुमाले? मले तेव्हाही नाही पटलं! म्या गिटार उलटी करून पाह्यली, मागून कुठी चीर हाय का. काही नाही. तं आमची बाई म्हणते, "नाही, चौदाच देणार. तुमी चौदा सांगतले होते." तो म्हणे, "बाराऽऽच!" बाई ओरडून म्हणे, "चौदा!" कलाबाई म्हणे, "ताई, ऐका यायचं." बाई म्हणे, "मी नाही ऐकत!" राजेहो, विकणारा कमी मागून राह्यला, घेणारी जास्त देऊन राह्यली, दोघंही चिडेल, अन् मधात मी! भाव करायचा कोणाच्या बाजूनं? शेवटी म्या हात जोडले. म्हटलं, तेरा, अन् आता कोणी एक शब्द बोलायचा नाही. झाला सौदा. निघताना त्यानं थो लाल कपडाही देल्ला. कपड्याचे पैसे नाही घेतले.

बसमधी गिटार माह्या मांडीवर. कंडक्टर म्हणे, "याचं तिकीट?" म्हटलं, "मांडीवर हाय." म्हणे, "किती वर्षांचं हाय?" सारी बस हसली. मीही हसलो. बाईनं माह्याकडे असं पाह्यलं, जसं काही मी पहिल्यांदाच हसून राह्यलो.

पण खरी गोष्ट तं पुढं हाय. थो वाजवायचा डबा शालिग्रामभाऊनं देल्ला नव्हता, थो ऑर्केस्ट्राचा, कपाटाएवढा, आमच्या घरात मावलाही नसता. तं बाई रोज संध्याकाळी सैपाक झाला की तशीच वाजवत बसे. बिनवायरची. टिण... टिण... अन् ऐकू यावं म्हणून लाकडाले कान लावून बसे. मान अशी वाकडी करून. पहिल्या दिवशी मी बातम्या पाहून राह्यलो होतो. दुसऱ्या दिवशी बातम्यांचा आवाज कमी केला. तिसऱ्या दिवशी टीव्ही बंद केला, तरीही मले काही ऐकू येईना. म्या म्हटलं, "जरा जोरात वाजव ना." ती म्हणे, "एवढंच वाजते हे." अन् पुन्हा कान लावला लाकडाले.

चौथ्या दिवशी ती शाळेत गेली, अन् मी त्याच दुकानात गेलो. म्हटलं, "डबा दे. चांगला दे." तो काही विचाराच्या आधी म्या कार्ड पुढं केलं. त्यानं अकरा हजार सांगतले. म्या अकरा हजार देल्ले. त्यानं माह्याकडे पाह्यलं. म्या त्याच्याकडे पाह्यलं. बिचारा घाबरला, स्वतःहून वायर फुकट देल्ली.

संध्याकाळी बाई आली. टेबलावर डबा. म्हणे, "हे काय?" म्हटलं, "तुह्यासाठी आणलं." "कितीले?" "अकरा हजार." "त्यानं किती सांगतले होते?" "अकरा हजार." "अन् तुमी किती केले?" "अकरा हजार."

बाई खाली बसली. वाजवायचं राह्यलं बाजूले! डबा इकडून पाह्यला, तिकडून पाह्यला, मागून स्क्रू पाह्यले. "भाव नाही केला?" "नाही." "घासाघीस नाही? भांडण नाही? बिल पुन्हा जोडून पाह्यलं नाही?" "नाही वं!" मग गॅलरीत जाऊन सारिकाले फोन. दार लोटून. तरी मले ऐकू आलं, "अगं, यायचं काहीतरी वेगळंच चाललं हाय दोन-चार दिवसांपासून. टीव्ही पाहत नाही. बसमधी हसले. हाव, हसले. मले तं लक्षण बरं दिसत नाही."

अन् शनिवारी, राजेहो, मले दवाखान्यात नेलं! बीपी पाह्यला, शुगर पाह्यली, छातीची पट्टी काढली, थो डॉक्टर माह्या डोळ्यात बॅटरी मारून राह्यला अन् बाई बाजूले उभी राहून सांगून राह्यली, "याच्या आधी असं कधीच नव्हतं केलं यायनं." डॉक्टरनं सारे रिपोर्ट पाह्यले. म्हणे, सारं नॉर्मल हाय, काळजीचं काही कारण नाही.

बाईले नाही पटलं. परवा अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली हाय.